'वॉल्ट्झ' म्हणजे नाच की संगीत? आणि कोणत्या स्ट्रॉसचा?

विचारणा अशी: 'वॉल्ट्झ' हे नाचाचं नाव की संगीतरचनेचं, आणि 'स्ट्रॉसचा' म्हणावं की 'स्ट्रॉसची'?

नाव दोन्हींचं, आणि लिंग पुल्लिंगच बरं. जर्मनमध्येही तो 'तो'च आहे. मूळ क्रियापद 'वाल्त्सेन', म्हणजे गरगर फिरणं; त्यावरून 'वाल्त्सर'. यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला दंत्य च. शब्द इंग्रजीमार्गे आला, म्हणून आपण त्या 'ल्ट्झ'शी झटापट करत बसलो.

जोडीने एकमेकांना धरून गिरक्या घेण्याचा हा प्रकार ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतल्या लोकनृत्यांतून वर आला. नेपोलियननंतर युरोपची घडी बसवायला भरलेल्या १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेतल्या नाचाच्या मेजवान्यांनी त्याचा बोलबाला आणखी वाढवला. १८१६ साली लंडनच्या 'टाइम्स'ने त्याला असभ्य ठरवलं. अर्थातच तो आणखी पसरला.

संगीत म्हणून ओळख सोपी: तीन मात्रा, पहिलीवर जोर. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित आधी घेतात. त्या लडिवाळ घाईशिवाय सगळा मामला कवायत वाटतो.

जर्मनमध्ये 'वाल्त्सर'चं एकवचन आणि अनेकवचन सारखंच. व्हिएन्नाचे संगीतकार योझेफ लान्नर आणि थोरला योहान स्ट्रॉस (१८०४-१८४९) यांनी प्रस्तावना, मग साधारण पाच वॉल्ट्झांची माळ, शेवटी समारोप असा घाट बसवला. १८६७ चा 'ब्लू डॅन्यूब' असाच आहे. आपण त्याला एक वॉल्ट्झ म्हणतो, पण आत पाच आहेत.

'ब्लू डॅन्यूब' मात्र धाकट्या योहानचा (१८२५-१८९९), म्हणजे थोरल्याच्या मुलाचा. मुलांनी संगीताचा धंदा करू नये असं थोरल्याचं मत होतं. धाकट्याने १८४४ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, तोही बापाच्याच शहरात. मधला भाऊ योझेफ स्ट्रॉस इंजिनियर. १८५३ साली भाऊ आजारी पडला म्हणून त्याने वाद्यवृंद सांभाळला आणि आपल्या पहिल्या वॉल्ट्झला नाव दिलं 'पहिले आणि शेवटचे' (पाहा, अनेकवचन!). पुढच्याच वर्षी त्याला 'शेवटच्यांनंतरचे पहिले' लिहावे लागले. तिसरा भाऊ एडुआर्ट. त्याने १९०७ मध्ये वाद्यवृंदाचा नोटेशनचा प्रचंड साठा जाळून टाकला.

म्हणजे नुसतं 'स्ट्रॉसचा वॉल्ट्झ' व्याकरणाने बरोबर, माहिती म्हणून अपुरं. जर्मन संगीतकार रिखार्ड स्ट्रॉस या घराण्यातला नव्हे, जरी त्याच्या १९११ च्या 'रोझेनकाव्हालिअर' ऑपेरात वॉल्ट्झ भरपूर असले तरी.