लिनक्सची डिस्क कुठल्याही लॅपटॉपला चालते, मग रास्पबेरी पाय ३ चं कार्ड बीगलबोन ब्लॅकमध्ये का चालत नाही? कर्नल बोर्ड ओळखतं कसं?

तुमचं कार्ड कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोचलंच नाही, हे आधी सांगतो. बीगलबोनच्या चिपमधला रॉम, म्हणजे कारखान्यातच कोरलेला छोटा प्रोग्रॅम, कार्डावर 'एमएलओ' नावाची फाइल शोधतो, पाय ३ शोधतो 'बूटकोड डॉट बिन'. आपली फाइल दिसली नाही की खेळ तिथेच खलास. पण तेवढं जमवून दिलंत तरी तुमचा दुसरा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर असं की एआरएमवर (या दोन्ही छोट्या संगणक-बोर्डांतल्या प्रोसेसरांची ही जात) कर्नल बोर्ड ओळखत नाही, त्याला तो सांगावा लागतो.

लॅपटॉपवर हजेरी घेता येते. पीसीआय बसवरच्या एकेका जागेला कर्नल विचारतं, कोण आहे? तिथलं उपकरण दोन क्रमांक सांगतं, एक कंपनीचा, एक स्वतःचा. (इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्याच जुन्या प्रोसेसरची आठवण.) ड्रायव्हरांकडे, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या कोडकडे, अशा क्रमांकांच्या याद्या असतात, जुळला की लागला कामाला. जे या बसवर नाही त्याची माहिती बायोस एसीपीआयच्या तक्त्यांतून देतो. म्हणून डिस्क इकडची तिकडे लावली तरी निभावतं.

एआरएम चिपच्या पोटातला सिरियल पोर्ट मात्र कधीच "हजर" म्हणत नाही. तो आपल्या पत्त्यावर गप्प बसलेला असतो: पाय ३ मध्ये हेक्समधला ३एफ२०१०००, बीगलबोनमध्ये ४४ई०९०००. चाचपडत शोधायला जावं, तर भलत्या पत्त्याला हात लागून कर्नल कोसळायची भीती.

पूर्वी यावर मशीन क्रमांकाचा तोडगा होता. बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्रॅम, प्रोसेसरच्या आर१ रजिस्टरमध्ये (आतल्या एका छोट्या कप्प्यात) एक क्रमांक ठेवायचा (पायचा होता ३१३८) आणि त्या बोर्डाची सी फाइल कर्नलमध्ये असेल तरच गाडी पुढे सरकायची. नवा बोर्ड आला की नवी फाइल, बरीचशी जुनीचीच नक्कल. मार्च २०११ मध्ये लिनक्सचा जनक लायनस टॉरव्हाल्ड्स एआरएमच्या या पसाऱ्यावर जाहीरपणे भडकला आणि डिव्हाइस ट्रीच्या कामाला जोर आला. कल्पना नवी नव्हती, सन कंपनीच्या स्पार्क यंत्रांवर ती कधीचीच होती. डिसेंबर २०१२ मधल्या ३.७ आवृत्तीपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांसाठी एकच कर्नल बांधता येऊ लागलं.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा. कुठल्या पत्त्यावर कोण, किती जागा व्यापून, इंटरप्ट कुठला. शिवाय प्रत्येक नोंदीत 'कम्पॅटिबल' नावाची ओळ असते आणि ड्रायव्हर तीच जुळवून बघतो. बूटलोडर हा कागद मेमरीत ठेवतो आणि त्याचा पत्ता कर्नलला आर२ मध्ये देतो.

आणि सातबाऱ्यासारखंच, कागदावर जे आहे तेच खरं! आमच्याकडे एका बोर्डाची दुसरी आवृत्ती आली तेव्हा बोर्ड सुरू व्हायचा, लॉगिन व्हायचं, फक्त नेटवर्क मेलेलं. दोन दिवस मी ड्रायव्हर उसवत होतो, केबली बदलत होतो. शेवटी 'प्रॉक'मधल्या 'डिव्हाइस-ट्री' डिरेक्टरीतली 'मॉडेल' ही फाइल उघडली, तर तिथे पहिल्या आवृत्तीचं नाव! इथरनेट चिपची रीसेट पिन नव्या बोर्डावर दुसरीकडे हलवली होती आणि कर्नल इमानेइतबारे जुनीच पिन हलवत बसलं होतं. ड्रायव्हर बिचारा निर्दोष. नवी ट्री फाइल टाकली आणि पाच मिनिटांत पिंग आला.

मग योग्य सातबारा निवडतं कोण? पायमध्ये फर्मवेअर. चिपमध्ये कायमचा कोरलेला रिव्हिजन कोड वाचून ते फाइल उचलतं, म्हणून एकच कार्ड वेगवेगळ्या पायवर चालतं. बीगलबोनवर यासाठी एक छोटा ईईप्रॉम आहे, वीज गेली तरी माहिती टिकवणारी चिप. यू-बूट हा तिथला बूटलोडर तो वाचतो: 'ए३३५बीएनएलटी' दिसलं तर ब्लॅक, 'ए३३५बोन' दिसलं तर जुना पांढरा.

तुम्ही बीगलबोनसाठीचीच इमेज कार्डावर लिहा. सिरियल केबल असेल तर जोडून ठेवा. "स्टार्टिंग कर्नल" एवढं छापून पुढे शांतता झाली, तर मी पहिला संशय ट्री फाइलवरच घेईन.