चारशे फुटांपर्यंत

“एवढं शिकलो, घरच्यांनी एवढं कर्ज काढलं, नोकरीही लागली; आणि प्रोबेशनमध्येच काढून टाकलं. आता घरी कोणत्या तोंडाने सांगू?” समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी गेल्या काही वर्षांत इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे की, त्याचे सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवावे असे मनात होते. बँकेतील प्रोबेशनरी अधिकारी, आयटी कंपनीतील फ्रेशर, नव्याने रुजू झालेली परिचारिका असे अनेक जण तो घेऊन येतात. परंतु नवा वैमानिक तो विचारतो तेव्हा त्याचे ओझे निराळे असते, कारण त्याच्यामागे बहुधा सगळ्या घराची जमापुंजी लागलेली असते. डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेच्या लेखी परीक्षा, क्लास वन मेडिकल ही वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, किमान दोनशे तासांचे उड्डाण आणि त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, एवढे सगळे झाल्यावर हा मुलगा विमान कंपनीत शिकाऊ म्हणून उभा राहतो. तिथून मागे फिरावे लागले, तर आपण मोठ्या उंचीवरून पडलो असेच त्याला वाटते.

किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हाही वैमानिकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या माणसांचे दुःख लहान नव्हते. पण ते सगळ्यांचे मिळून होते आणि त्याला एक सांगता येण्याजोगे कारण होते. प्रोबेशनमध्ये काढलेल्या मुलाचे दुःख एकट्याचे असते. त्याचे सोबती पुढच्या टप्प्यावर जातात, व्हॉट्सॲप ग्रुपवर गणवेशातील फोटो येत राहतात, आणि “माझंच काहीतरी कमी पडलं” याखेरीज त्याच्याजवळ सांगायला दुसरे कारण उरत नाही.

सुजय माझ्याकडे आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. (नाव व ओळखीचे तपशील बदलले आहेत आणि हे लिहिण्यास त्याची संमती आहे.) कराडजवळच्या गावातील ऊस लावणारे घर, जमीन तारण ठेवून काढलेले कर्ज आणि निवड झाल्यावर गावकऱ्यांनी वेशीवर लावलेला भला मोठा फ्लेक्स. त्या फ्लेक्सवर सुजयचा गणवेशातील फोटो, खाली ‘गावाचा अभिमान’ ही अक्षरे आणि त्याखाली शुभेच्छुकांच्या नावांची लांबलचक यादी. पहिल्या भेटीला तो काळी ट्रॉली बॅग घेऊन आला होता. प्रवासाला निघाला आहेस का, असे मी विचारले. बराच वेळ गप्प राहून त्याने सांगितले की, नोकरी जाऊन सात आठवडे झाले आहेत, पण खोलीतील मित्रांना आणि घरमालकांना संशय येऊ नये म्हणून तो आठवड्यातून तीन-चारदा ती बॅग ओढत बाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसून राहतो. आई रोज रात्री फोनवर विचारायची, “आज कुठं गेलावतास?” तो म्हणायचा, “दिल्ली.”

त्याचा मला पहिला प्रश्न असा होता : “मी इथे आलो हे माझ्या मेडिकलमध्ये येईल का?”

हा प्रश्न प्रत्येक वैमानिक विचारतो, म्हणून माझे उत्तर येथे नोंदवते. मी त्याला म्हटले, “तू इथे जे बोलशील ते इथेच राहील. कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर तेवढाच अपवाद. मात्र औषध सुरू करावं लागलं, तर ते मेडिकलच्या डॉक्टरांपासून लपवायचं नाही. दुःख होणं हा आजार नाही. पण लपवून उडणं हा तुझ्या क्षेत्रात गंभीर धोका आहे.” त्यानंतर, जगणे नकोसे वाटते का, हेही मी त्याला सरळ विचारले. असे विचारल्याने कुणाच्या डोक्यात भलता विचार शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हा माझा ठाम अनुभव आहे. “मरावंसं वाटत नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटतं,” असे तो म्हणाला. मी त्याला त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधाची गरज नसल्याचे त्यांनी कळवले, तेव्हाच मी पुढचे काम हाती घेतले.

पहिल्या तीन भेटींत तो सिम्युलेटरबद्दल, म्हणजे सरावासाठी जमिनीवर उभारलेल्या कॉकपिटच्या प्रतिकृतीबद्दल बोलला. हा सिम्युलेटर चोवीस तास चालतो आणि त्याला मिळालेली वेळ कित्येकदा रात्री दोनची असे. दोन उमेदवारांची जोडी असते. एकाने दोन तास विमान उडवायचे, दुसऱ्याने शेजारी बसून चेकलिस्ट, रेडिओ आणि देखरेख सांभाळायची, मग अदलाबदल करायची. मागे बसलेला प्रशिक्षक एकामागून एक बिघाड घडवीत असतो. सुजयला जादा सत्रे दिली गेली, त्यानंतरची तपासणीही तो पार करू शकला नाही आणि चार दिवसांनी सेवा समाप्तीचे पत्र हातात पडले. हे सगळे सांगताना त्याचे एक वाक्य पुन्हा पुन्हा येई : “मी पायलट होण्याच्या लायकीचाच नव्हतो.”

चौथ्या भेटीत मी विचारले, “तुझ्या प्रत्येक सत्राचा लेखी शेरा असेल ना? तो तुझ्याकडे आहे का?”

“आहे. बॅगेतच आहे. उघडला नाही.”

“त्यात काय लिहिलं आहे?”

“हेच, की मी लायकीचा नाही.”

“उघडला नाहीस, मग कळलं कसं?”

तो काही बोलला नाही. मी त्याला ती फाइल काढायला सांगितली आणि म्हटले, “मला इंग्रजी येतं, पण विमानातलं काही कळत नाही. तू प्रत्येक ओळ वाच आणि मला मराठीत समजावून सांग.” हे मी मुद्दाम केले. ज्या भाषेत आपला अपमान झाला असे वाटते, त्या भाषेतून तोच मजकूर घरच्या भाषेत आणताना माणसाला थांबावे लागते, शब्द निवडावा लागतो, आणि तेवढ्या थांबण्यात शेऱ्याची धार कमी होऊन त्याचा अर्थ दिसू लागतो.

अकरा कागद होते. पहिले दोन त्याने घाईघाईने वाचले. तिसऱ्या कागदावर टेकऑफच्या वेळी एक इंजिन बंद पडण्याचा सराव होता, तेथे मी त्याला अडवले आणि नीट सांगायला लावले. तो सांगू लागला. धावपट्टीवर एका ठरावीक वेगानंतर उड्डाण रद्द करता येत नाही. नेमक्या त्या क्षणी इंजिन गेले, तर विमानाचे नाक बंद इंजिनाच्या बाजूला वळू पाहते, पायाने रडर (शेपटीवरचे, विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारे पाते) दाबून ते सरळ ठेवावे लागते, समोर इशाऱ्याचे दिवे लागतात, घंटी वाजते. “आणि मग लगेच बिघाड दुरुस्त करायला घ्यायचा?” मी विचारले. तो पहिल्यांदाच थोडा ताठ बसला. “नाही मॅडम. घंटी बंद करायची, चाकं वर घ्यायची आणि विमान सरळ ठेवायचं. चारशे फुटांपर्यंत बिघाडाच्या कामाला हात लावायचा नाही. आधी विमान उडवायचं.” इतके आठवडे स्वतःला नालायक म्हणणारा मुलगा मला शिकवीत होता, आणि चांगले शिकवीत होता.

मी त्याच्या हातात पेन्सिल दिली. ज्या ज्या कागदावर एकच तक्रार पुन्हा येते, तेथे खूण करायला सांगितली. विमान हाताळण्याबद्दलचा शेरा अकरापैकी नऊ कागदांवर समाधानकारक होता. खूण झाली ती सहा कागदांवर, आणि सगळीकडे शब्द फिरवून एकच गोष्ट लिहिलेली होती : मागे पडला तरी सांगत नाही, मदत मागत नाही.

“यात ‘लायकी’ हा शब्द कुठे आहे?”

त्याने खरोखरच सगळे कागद पुन्हा चाळले. “नाही,” तो म्हणाला. मग सातव्या सत्राच्या कागदावर बोट ठेवून हळूच बोलला, “इथं सरांनी विचारलं होतं, कळलं का? मी ‘येस सर’ म्हणालो. कळलं नव्हतं.”

“का म्हणालास?”

“गावात माझा फ्लेक्स लागला होता, मॅडम.”

एवढे बोलून तो रडला. मी त्याला थांबवले नाही. बावीस वर्षांच्या कामात मला असे क्षण फार थोडे लाभले आहेत. प्रशिक्षकाला म्हटलेले ‘येस सर’ आणि आईला सांगितलेले ‘दिल्ली’ हे एकच वाक्य आहे, हे त्याला त्या दुपारी कळले. आणि खरे सांगायचे, तर मलाही ते त्याच्याबरोबरच कळले. तोवर मी त्याचे लपवणे हा नोकरी गेल्याचा परिणाम समजत होते. प्रत्यक्षात ते आधीपासून होते आणि नोकरी जाण्यात त्याचाही वाटा होता. हुशार मुलगा म्हणून वाढलेल्याला ‘समजलं नाही’ हे शब्द कुणी शिकवलेलेच नसतात.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, हे मी लपवत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या या विचाराचा गाभा मला आजही तितकाच खरा वाटतो : कृतीचे मूल्यमापन करा, कठोरपणे करा, पण त्यावरून माणसाचे मोल ठरवू नका. सुजयला “तू उत्तम आहेस, कंपनीच वाईट” असे सांगणे सोपे होते आणि घरच्यांनी, मित्रांनी पुढे तेच सांगितले. त्याने तात्पुरता धीर मिळतो, परंतु सहा कागदांवरची खूण पुसली जात नाही. कंपनीचा निर्णय योग्य होता की अयोग्य, यात मी शिरले नाही. प्रवाशांच्या जिवाशी निगडित असलेल्या कामात काटेकोर तपासणी हवीच. आणि तपासणीत नापास झालेला माणूस त्या दिवशी, त्या कामात नापास झालेला असतो, एवढेच त्या कागदाला ठाऊक असते.

चारशे फुटांचा नियम मात्र मी त्याच्याकडून उसना घेतला आणि आता इतरांनाही सांगते. नोकरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात सुजयने तेवीस कंपन्यांना अर्ज पाठवले होते, परदेशी लायसन्सची चौकशी केली होती आणि हे क्षेत्रच सोडून देण्याची शपथही घेतली होती. हे सगळे चारशे फुटांच्या आत हात लावू नये असे काम होते. त्या दिवसांत फक्त सरळ राहायचे असते : वेळेवर झोपायचे, दोन वेळा जेवायचे, घाईने कोणत्याही कागदावर सही करायची नाही, आणि निदान एका माणसाला खरे सांगायचे. झोप दोन-तीन आठवडे येत नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा आला असेल, तर वाट पाहू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

उंची मिळाल्यावर मग कामे क्रमाने घ्यावीत. आपले प्रशिक्षणाचे शेरे आणि सेवा समाप्तीचे पत्र यांच्या प्रती मागून घ्याव्यात, कारण पुढच्या मुलाखतीत त्याविषयी विचारणा होणारच. बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची हमी) किंवा प्रशिक्षण खर्चाच्या वसुलीचा मुद्दा असेल, तर करारपत्र वकिलाला दाखवल्याशिवाय काही कबूल करू नये. बँकेत हप्ता थकण्यापूर्वी जावे. थकल्यावर गेलेल्या माणसापेक्षा आधी गेलेल्याचे बँक अधिक ऐकून घेते. चाळिशीच्या आतील वैमानिकाचे क्लास वन मेडिकल दर वर्षी करावे लागते, ते मनाच्या खिन्नतेत हुकू देऊ नये. आणि मुलाखतीत खोटे सांगू नये. “मला काढलं, कारण मी मागे पडल्यावर बोलत नव्हतो, आणि त्यावर मी हे हे केलं,” असे सांगणारा उमेदवार नाकारला जाऊ शकतो. परंतु लपवलेले पुढे उघडकीस आले, तर त्याचा पुढचा सगळाच मार्ग बंद होतो.

सुजयच्या बाबतीत ‘हे हे’ म्हणजे काय ते आम्ही ठरवले. त्याने दिवसातून तीनदा, कुठेही, “मला समजलं नाही, पुन्हा सांगा,” असे म्हणायचे. दुकानात, रिक्षावाल्याला, बँकेत. पहिल्या आठवड्यात त्याला घाम फुटत असे. नंतर तो पुण्यातील एका क्लासमध्ये नव्या मुलांना हवामानशास्त्र शिकवू लागला आणि मुलांनी ‘येस सर’ म्हटले की, “काय समजलं ते सांग,” असे विचारू लागला. त्याला विमान कंपनीत नोकरी अजून मिळालेली नाही. दोन मुलाखती झाल्या, दोन्हींत त्याने खरे सांगितले. एकीकडून नकार आला, दुसरीचे उत्तर यायचे आहे.

घरी सांगण्याचा प्रसंग मी शेवटी ठेवला आहे, कारण सर्वांना भीती त्याचीच असते. पालकांना माझी एकच विनंती आहे : मुलगा सांगत असताना “लोक काय म्हणतील” हे पहिले वाक्य होऊ देऊ नका. सुजयने आठव्या भेटीनंतर, ट्रॉली बॅग खोलीवरच ठेवून, एसटीने गाव गाठले. त्याच रात्री त्याचा मला फोन आला.

“मॅडम, वेशीवर उतरलो तर फ्लेक्स नव्हता. वडील रानात होते, तिथंच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, बँकेतून हप्त्याचा फोन आला होता मागच्या महिन्यात. तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो होतो.”

“आणि फ्लेक्स?”

“कडब्याच्या गंजीवर टाकलाय. मी येताना मला दिसू नये म्हणून त्यांनीच उतरवला. म्हणाले, जाड आहे, पावसाळा निघंल. फोटोची बाजू खाली केलीय.”