कार्यक्रम संपल्यावर मार्क कोण देणार?

मी समुपदेशक आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत चमकलेली मुलं माझ्याकडे येतात ती साधारण वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर. स्पर्धा चालू असताना कुणी येत नाही. तेव्हा चौकात फ्लेक्स लागलेला असतो, सगळा तालुका मतं देत असतो. मग नवा सीझन सुरू होतो, नवे चेहरे येतात, सुपाऱ्या कमी होतात आणि आईवडील विचारतात, "मॅडम, फोन यायचे थांबलेत. आता हिचं पुढं काय?" हाच प्रश्न इतक्या घरांतून ऐकला की एकदा नीट लिहावं असं वाटलं. ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी एकवीस वर्षांची, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची, लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली. अंतिम फेरीच्या जरासं आधी बाहेर पडली होती. त्यानंतरचं पहिलं वर्ष धामधुमीचं गेलं. गणपती मंडळं, दिवाळी पहाट, पुढाऱ्यांचे वाढदिवस, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम. पोस्टरवर तिच्या नावापुढं कार्यक्रमाचं नाव आणि 'फेम'. वडिलांनी घरातल्या एका खोलीत स्टुडिओ करायला कर्ज काढलं. पुढच्या गणपतीत त्याच मंडळांच्या पोस्टरवर दुसऱ्याच मुलीचं नाव होतं. हिचा रियाज बंद पडला. मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करायची, ऐकायची आणि पुसून टाकायची.

पहिल्या भेटीत वडीलच बोलत होते. "हिला जरा समजवा. अरिजित सिंगसुद्धा जिंकला नव्हता. आज बघा!"

मुलगी पायाच्या नखांकडे बघत बसली होती.

अरिजितचा दाखला मला जवळजवळ प्रत्येक घरातून मिळतो. गोष्ट खरी आहे. २००५ च्या 'फेम गुरुकुल'मध्ये तो जिंकला नाही आणि 'तुम ही हो' आलं २०१३ मध्ये. पण अशा दाखल्यानं मुलांना धीर येत नाही, आणखी एक परीक्षा मानगुटीवर बसते. सांगायचंच असेल तर मधली वर्षं सांगा. त्या काळात तो मोठ्या संगीतकारांच्या हाताखाली संगीताचं प्रोग्रॅमिंग करत होता, पडद्यामागं. किंवा आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. २००८-०९ च्या 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'ची विजेती एकच, कार्तिकी गायकवाड. पण २०२१ च्या पर्वात ज्युरी म्हणून तिच्याबरोबर त्याच स्पर्धेत न जिंकलेले आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊतही बसले होते. मधल्या बारा वर्षांत मुलं मोठी झाली, शिकली, गात राहिली. त्याचे भाग कुठं दाखवले जात नाहीत.

वडिलांना बाहेर बसवून आम्ही दोघी बोलू लागलो. सुरुवातीचे काही दिवस ती "हो", "नाही", "बघू" याच्या पलीकडं जाईना. एकदा मी म्हटलं, "बोलणं राहू दे. एखादं गाणं म्हण."

तिनं एक भावगीत घेतलं. सूर स्वच्छ. मुखडा झाला, अंतरा झाला, शेवटी एक झकास तान घेऊन मुखड्यावर आली आणि थांबली. थांबली ती थेट माझ्या चेहऱ्याकडं बघत.

"पुढं?"

"पुढं काय?"

"दुसरा अंतरा."

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. "तो बसवलाच नव्हता. कार्यक्रमात दीड-दोन मिनिटंच मिळतात ना."

"बरं. आणि थांबल्यावर माझ्याकडं का बघितलंस?"

"सवय." मग हळूच, "तुम्ही काय कमेंट देताय ते."

"मी काहीच म्हटलं नाही."

"म्हणजे वाईट झालं असणार."

समुपदेशकाच्या आयुष्यात असे क्षण रोज येत नाहीत. आले तर ते ओळखायला कान तयार लागतो, आणि त्या दिवशी माझा होता याचं मला आजही समाधान आहे. कितीतरी महिने या मुलीच्या प्रत्येक गाण्यावर दोन मिनिटांत निकाल लागत होता. परीक्षकांचे मार्क, लोकांची मतं, पुढच्या आठवड्यात आहेस की नाहीस. कार्यक्रम संपला आणि निकाल द्यायला कुणी उरलं नाही. तिनं त्या शांततेलाच शून्य मार्क धरलं. मंडळाची वर्गणी कमी जमली असेल, आयोजकाला नवा चेहरा हवा असेल, फोन न येण्याला शंभर कारणं असतात. तिच्याकडं एकच होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारानं काम करणारी. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, यावर माझा विश्वास आहे. त्यामुळं "तू किती छान गातेस" असं मी म्हटलं नाही. कौतुक म्हणजेसुद्धा मार्कच. तिला ते व्यसनासारखे लागले होते, आणि मी द्यायला लागले असते तर आठवड्यातून एकदा माझ्याकडंच गायला आली असती.

"परीक्षक तुझं काय तपासायचे?"

"सूर, लय, उच्चार, सादरीकरण."

"आणि तू माणूस म्हणून कशी आहेस, हे?"

"ते कशाला तपासतील?"

"मग सध्या कोण तपासतंय?"

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मला वाटत होतं मी गाणंच तपासतेय."

काम दिलं ते साधं. दुसरा अंतरा बसवायचा. गाणं पूर्ण म्हणायचं, रेकॉर्ड करायचं नाही. नंतर वहीत सूर-लयीबद्दल हवं तेवढं कठोर लिहायचं, स्वतःबद्दल एक ओळसुद्धा नाही. महिन्याभरात ती आपणहून जुन्या गुरुजींकडं गेली. इतके दिवस लाजेनं गेली नव्हती. त्यांनी म्हणे एवढंच विचारलं, "तानपुरा लावता येतो ना अजून?"

आता आईवडिलांसाठी. पहिल्या वर्षाच्या मानधनावर कर्ज काढू नका. गणपती ते दिवाळी हा उसासारखा हंगाम आहे आणि बँकेचा हप्ता बारमाही असतो. कुठल्याही करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. किती काळ, कुणासाठी गाता येणार नाही, हे कलम बहुतेकांनी वाचलेलंच नसतं. कोरस, जिंगल, दुसऱ्यासाठी स्क्रॅच म्हणजे कच्चं गाणं, लहान मुलांच्या शिकवण्या, यात कमीपणा नाही. गळा आणि घर दोन्ही त्यावर चालतं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर काढे पुरे करा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. उघड्या मैदानात, स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर स्पीकर धड नसताना रात्रभर ओरडून गाणारी मुलं हा त्रास लपवतात, कारण पुढची सुपारी जाईल. आणि मूल चौदाच्या आतलं असेल तर बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम माहीत करून घ्या. दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. हे मी सांगते तेव्हा बरेच पालक माझ्याकडं अविश्वासानं बघतात.

मुलगी आता संगीतात एम.ए. करते आहे. महिन्याला एखाददुसरा कार्यक्रम असतो. नावापुढचं 'फेम' काढा, असं तिनं आयोजकांना सांगून पाहिलं. ते काढत नाहीत. एका हिंदी स्पर्धेच्या ऑडिशनची जाहिरात आली आहे. जायचं की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही. वडिलांनी मात्र फॉर्म भरून ठेवला आहे. पुढच्या भेटीला मी त्यांना एकट्यालाच बोलावलं आहे.