वाचकांचे प्रश्न : माथेरानला जायचंय, पण गाडीशिवाय कसं जमणार?

या वेळी मेल आणि मेसेजमध्ये माथेरानबद्दलचे प्रश्न इतके आले की सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही लांब होते ते थोडे कापलेत.

प्रश्न : ताई, सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, मुलगा दुसरीत आहे. सगळे म्हणतात वर गाडीच जात नाही, तंगडतोड करावी लागते. मग जावं की नाही? (ठाण्याहून एक वाचक)

जा, नक्की जा, आणि सासूबाईंना घेऊनच जा. फक्त एक करा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं करू नका, एक रात्र तरी राहा. धावपळीत गुडघ्यांचे हाल होतात आणि त्या गावाची मजाही कळत नाही.

ठाण्याहून कर्जत लोकल पकडून नेरळला उतरा. तिथून मिनी ट्रेन आहे, 21 किलोमीटरचा रस्ता, दोन तासांच्या वर वेळ लागतो, आणि मुलासाठी तोच ट्रिपचा सगळ्यात भारी भाग असेल हे मी आत्ताच सांगते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि मग माथेरान अशी स्टेशनं. शनिवार-रविवारी सीट लगेच भरतात त्यामुळे नेरळला सकाळी लवकर पोहोचा, आणि गाडीत बसायच्या आधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन घ्या, वयस्कर माणसं बरोबर असली की हे लक्षात ठेवावंच लागतं.

ट्रेन नाही मिळाली तर नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं. स्वतःची गाडी असेल तरी ती तिथेच पार्क करायची, पुढे एकही खाजगी गाडी जात नाही. नाक्यावर नगरपालिकेचा प्रवेशकर भरला की अमन लॉज स्टेशन अगदी जवळ आहे, तिथून माथेरानपर्यंत शटल चालते आणि ती थेट बाजारात आणून सोडते. सासूबाईंसाठी हाच रस्ता सगळ्यात सोपा. ई-रिक्षाही सुरू झाल्यात पण त्यांची संख्या कमी आणि गर्दी जास्त, शाळेच्या वेळेला मुलांना त्यांची गरज असते, तेव्हा जे चालू शकतात त्यांनी चालावं आणि त्या सीट वयस्कर माणसांना, आजारी माणसांना सोडाव्यात असं मला मनापासून वाटतं. दस्तुरी ते बाजार चालत पाऊण तास धरा, झाडीतून रस्ता आहे, बॅगा हमालाकडे द्या, पैसे आधी ठरवा आणि मग घासाघीस नको, ते ओझं उचलून बघा म्हणजे कळेल.

हॉटेल बाजाराच्या किंवा स्टेशनच्या जवळचंच घ्या. जंगलातले जुने बंगले फोटोत फार सुंदर दिसतात पण तुमच्या ट्रिपला ते सोयीचे नाहीत, प्रत्येक वेळी जेवायला किंवा औषध आणायला बरंच चालावं लागेल.

प्रश्न : घोड्यावर मुलांना बसवावं का? आणि माणसांनी ओढायच्या रिक्षा अजून आहेत का? बघवत नाही हो ते. (नागपूर)

तुम्हाला बघवत नाही हे बरोबरच आहे. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला होता, त्यालाही कोर्टाचीच परवानगी होती. परवाना असलेले हातरिक्षावाले तेव्हा 94 होते, त्यातले कित्येक जण आयुष्यभर लाल मातीच्या चढावर माणसं ओढत आले, पावसाळ्यात सुद्धा. मला विचाराल तर हा निर्णय खूप आधी व्हायला हवा होता. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही, ई-रिक्षाची चावी त्याच माणसांच्या हातात गेली पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि आपण पर्यटकांनी तिथे गेल्यावर हे विचारत राहिलं पाहिजे.

घोड्याचं म्हणाल तर तो तिथल्या कित्येक घरांचा रोजगार आहे, म्हणून मी सरसकट नको म्हणणार नाही. घोडा आधी नीट बघा, पाठीवर जखम असेल, लंगडत असेल तर नको म्हणून सांगा आणि का नको तेही सांगा. लहान मुलाला एकट्याला बसवून घोडा पळवायला अजिबात देऊ नका, लगाम धरून घोडेवाला शेजारून चालला पाहिजे, आणि मोठ्यांनी सुद्धा हेल्मेट मागून घ्यावं. उतारावर घोडा घसरू शकतो. कोणते पॉइंट दाखवणार आणि किती पैसे हे बसायच्या आधी ठरवा, म्हणजे शेवटी वाद होत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माथेरानला ऐतिहासिक म्हणतात, पण तिथे किल्ला नाही, लेणी नाहीत. मग इतिहास बघायचा कुठे? (सातारा)

सर, तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला. तुमच्याकडे किल्ले इतके आहेत की माथेरानचा इतिहास नवीन वाटणारच, पण तो बघण्यासारखा आहे.

नेहमी सांगतात ती गोष्ट अशी, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे 1850 मध्ये चौकच्या बाजूने डोंगर चढून वर आला, त्याला जागा आवडली, मग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला आणि त्याने इथे हिल स्टेशन वसवायला सुरुवात केली. हे खरंच आहे, पण ‘मॅलेटने माथेरान शोधलं’ असं बोर्डावर वाचलं की मला खटकतं. ठाकर, कातकरी, धनगर ही माणसं या डोंगरात त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होती, वाटा त्यांच्याच होत्या, त्याला वर आणणारी वाट सुद्धा कुणाच्या तरी रोजच्या पायाखालचीच होती. तुम्ही वन ट्री हिलच्या बाजूला गेलात तर खाली उतरणारी घळ दिसेल, तिला शिवाजीची शिडी म्हणतात, तिथे उभं राहून खालची गावं बघा म्हणजे डोंगर आणि खालची माणसं यांचा संबंध लगेच लक्षात येईल.

दुसरी गोष्ट रेल्वेची. आपण ती खेळण्यातली गाडी म्हणून बघतो पण ती सरकारने बांधलेली नाही, मुंबईचे बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसे घातले आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी उभं राहून काम करून घेतलं. त्या काळात 16 लाख रुपये खर्च आला. 22 मार्च 1907 ला लाइन सुरू झाली. आपल्या बार्शी लाइट रेल्वेवाला इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप होता ना, त्याचा सल्ला या कामात होता. रूळांमधलं अंतर फक्त दोन फूट, आणि चढ काही ठिकाणी इतका कडक की वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर! त्यामुळे गाडी डोंगराला वळसे घेत घेत चढते, एकाच दरीचं तोंड पुन्हा पुन्हा समोर येतं. आधी जर्मन बनावटीची वाफेची इंजिनं होती, नंतर डिझेल आलं. जुलै 2005 च्या पावसाने लाइन पार उद्ध्वस्त केली होती, ती 2007 मध्ये बरोबर शंभराव्या वर्षी परत सुरू झाली, मग 2016 मध्ये डबे घसरले म्हणून बंद, मग 2019 च्या पावसात पुन्हा वाहून गेली आणि नेरळपासून पूर्ण गाडी ऑक्टोबर 2022 मध्ये धावली. ही लाइन परत परत उभी करणाऱ्या गँगमनचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

आणि तिसरी गोष्ट, जी पर्यटकांना कुणी सांगतच नाही. हे वीर भाई कोतवालांचं गाव आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म 1 डिसेंबर 1912, माथेरानच्या एका नाभिक कुटुंबातला, शिकून वकील झाले, इथल्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होते. सावकारांच्या तावडीत सापडलेल्या आदिवासींसाठी त्यांनी काम केलं, आणि 1942 च्या चळवळीत आझाद दस्ता नावाची भूमिगत तुकडी उभी करून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला मुरबाडजवळ सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील शहीद झाले. तिशी नुकतीच ओलांडली होती फक्त. सर, तुम्ही शिक्षक आहात, तुमचे विद्यार्थी माथेरानला जाऊन चिक्की घेऊन येत असतील तर त्यांना हे नाव नक्की सांगा. साहेबांच्या नावाचे पॉइंट सगळ्यांना पाठ आहेत, लुईसा, अलेक्झांडर, किंग जॉर्ज, पण या गावात जन्मून देशासाठी मेलेला माणूस फारच थोड्यांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शार्लट लेकजवळचं पिसारनाथाचं मंदिरही बघा, ग्रामदैवत आहे. त्या तळ्याचं पाणी गाव पितं, त्यामुळे तिथे पाय धुणं, पोहणं काही नको.

प्रश्न : दादर-पुण्याच्या लोकांनी मिळून वरपर्यंत डांबरी रस्ता करून घ्यायला हवा, किती गैरसोय! तुमचं मत काय? (दादर)

माझं मत सरळ आहे, नको. 4 फेब्रुवारी 2003 ला केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केला, आणि मोटारबंदी तर त्याच्या आधीपासून तिथे होतीच. एकदा गाड्या वर गेल्या की पार्किंग लागणार, पार्किंगसाठी झाडं तोडणार, मग हॉर्न, मग रविवारी बाजारात दोन तास जाम, हे सगळं आपण लोणावळ्याला बघतोच आहोत. मुंबईपासून इतक्या जवळ शेकरू दिसतो, रात्री पानं पडल्याचा आवाज येतो, ते गाड्या नाहीत म्हणूनच.

पण गैरसोय तुमची एका दिवसाची आहे, गावकऱ्यांची रोजची आहे, आणि त्यांचं ऐकायलाच पाहिजे. सिलेंडर, धान्य, भाजी, विटा सगळं घोड्यावर नाहीतर हातगाडीवर वर येतं आणि त्यामुळे महाग पडतं. ॲम्ब्युलन्सला परवानगी आहे, पण दवाखान्यात मोठी सोय नसेल तर बाळंतीण बाईला घाट उतरून खाली न्यावं लागतं. म्हणून ई-रिक्षाच्या बाजूने मी आहे आणि डांबरी रस्त्याच्या विरोधात आहे. पेव्हर ब्लॉकवरूनही भांडण कोर्टात गेलं होतं, दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत कोर्टाने परवानगी दिली, आतल्या वाटांना आणि ट्रेकच्या वाटांना नाही. मला हा मधला मार्ग पटतो, कारण लाल मातीच्या वाटा गेल्या तर पॉइंटवर चालत जाण्यात काय उरलं!

प्रश्न : आम्ही कॉलेजचे चौघे जुलैमध्ये नेरळहून रूळांवरून चालत वर जायचं म्हणतोय, एका दिवसात होईल ना? (डोंबिवली)

अरे, रूळांवरून जाऊ नका. पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, म्हणून पोरांना वाटतं रूळ मोकळे आहेत, पण गाडी बंद असते ती दरडी पडतात म्हणूनच ना. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, ती वाडी इथून लांब नाही, हे डोंगर आणि हा पाऊस म्हणजे खेळ नाही रे. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत या, पुढे चाला, शटल शक्यतो पावसातही चालू असते. गार्बट पॉइंटकडून किंवा धोदाणीकडून सनसेट पॉइंटला येणाऱ्या वाटा सुंदर आहेत पण त्या पाऊस संपल्यावर, माहितीचं कुणीतरी बरोबर घेऊन.

पॉइंटवर धुकं असेल तर कठड्यापाशीच थांबायचं. दोन फुटांवर दरी असते आणि ती दिसत नाही. रीलसाठी कठड्याच्या पलीकडे कुणी गेला तर त्याला हात धरून मागे आणा, मित्र रागावला तरी चालेल.

प्रश्न : माकडांचं काय करायचं? (पनवेल)

हातात खायचं काही दिसू देऊ नका, पिशवी हातात नको, सॅक पाठीवर आणि चेन बंद. त्यांना खायला घालू नका, माणसांनी घातलं म्हणूनच ती पिशव्या ओढायला शिकली. रिकाम्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं खाली घेऊन या, वरचा प्रत्येक कचरा कुणालातरी वाहून खाली न्यावा लागतो.

प्रश्न : कुठल्या महिन्यात जावं आणि दोन दिवसांत काय बघावं? (बेळगाव)

तुम्ही लांबून येताय तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा, हवा स्वच्छ असते, ट्रेन पूर्ण चालू असते, आणि शनिवार-रविवार टाळून आलात तर हॉटेलही स्वस्त पडेल. मार्चकडे आलात तर अंजनीची झाडं निळ्या फुलांनी भरलेली असतात, ते बघायला मिळालं तर नशीब समजा. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत गर्दी फार.

पहिल्या दिवशी बाजार, शार्लट लेक, इको पॉइंट, लुईसा पॉइंट आणि संध्याकाळी पॉर्क्युपाइन म्हणजे आपला सनसेट पॉइंट, समोर प्रबळगड असतो. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठून पॅनोरमा पॉइंट, लांब आहे, टॉर्च आणि पाणी घ्या, तिथून सूर्योदय आणि खाली नेरळ दिसतं. अलेक्झांडर, वन ट्री हिल, चौक पॉइंट ही दक्षिणेकडची बाजू दुपारनंतर करा, मोरबे धरणाचं पाणी तिकडून दिसतं. सगळे पॉइंट संपवायच्या मागे लागू नका, चार नीट बघा.

चिक्की, चपला आणि मध बाजारात मिळतात. चपला तिथल्या तिथे घालून चालायला लागू नका, नव्या चपला दगडांच्या वाटेवर पाय सोलतात, त्या घरी गेल्यावर घाला.