बोली पुरी, तरी गुण शून्य?

प्रश्न : आमच्या क्लबच्या ब्रिजच्या जोड्यांच्या स्पर्धेत चार इस्पिकांची बोली (इस्पिक हुकूम धरून दहा हात करण्याचा करार) आम्ही दहा हात करून पुरी केली, तरीही निकालपत्रकात त्या बोर्डाला (म्हणजे त्या डावाला) शून्य गुण आहेत. हे कसे? – एक वाचक, सांगली

उत्तर : डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पाने सर्व टेबलांवर फिरतात आणि आपली तुलना त्याच दिशेला बसून ती खेळलेल्या जोड्यांशी होते, मागे टाकलेल्या प्रत्येक जोडीमागे 2 गुण, बरोबरीला 1. ही तुलना डावात मिळालेल्या धावसंख्येवरून, म्हणजे स्कोअरवरून होते. व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेली स्थिती) नसताना आपला स्कोअर 420 झाला. इतरांनी अकरावा हात काढून 450 किंवा तीन बिनहुकमी (हुकमाशिवाय खेळण्याची बोली) बोलून दहा हातांत 430 केले असल्यास आपण तळाला. रबर ब्रिजमध्ये (एकाच टेबलावरचा, इतरांशी तुलना नसलेला प्रकार) बोली सांभाळून थांबणे शहाणपणाचे असले, तरी इथे ते महागात पडते. निकालातील 50 टक्के म्हणजे सरासरी खेळ. ती काही शाळेची गुणपत्रिका नव्हे.