न्यू जर्सी सोडण्याआधी टीआरओ, म्हणजे तात्पुरता संरक्षण आदेश, घ्या

ताई, मारहाण असह्य झाली म्हणून चार वर्षांच्या मुलीला घेऊन कॅलिफोर्नियात बहिणीकडे निघून जाऊ का, आणि एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असताना तिची कस्टडी मिळेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

व्हिसाचं आधी सांगते. एच-४ वर आहात म्हणून कोर्ट संरक्षण नाकारत नाही. टीआरओच्या अर्जाला फी नाही, दुभाष्या कोर्टच देतं. ‘डिपोर्ट करवीन’ ही धमकी आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी ऐकलीय. इमिग्रेशनच्या वकिलाला वेगळं विचारा, पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

आता कॅलिफोर्निया. जीवावर बेतलं असेल तर 911 लावा आणि निघा, बाकीचं मागाहून. तेवढी वेळ आलेली नसेल तर थांबा. मूल गेले सलग 6 महिने जिथे राहिलं ते त्याचं ‘होम स्टेट’, आणि कस्टडीचा निकाल तिथलं कोर्ट देतं. कॅलिफोर्नियाचं कोर्ट तातडीचा आदेश देईल, पण तो तात्पुरता. तोवर नवरा इथे ‘पोरीला पळवलं’ म्हणून दावा ठोकून मोकळा होतो.

न्यू जर्सीत फॅमिली कोर्टातून टीआरओ मिळतो; रात्री किंवा शनिवार-रविवारी पोलीस स्टेशनला जा, न्यायाधीश फोनवरही आदेश देतात. त्याच अर्जात मुलीची तात्पुरती कस्टडी मागा, तिला देशाबाहेर नेऊ नये असंही मागा. सुनावणी साधारण 10 दिवसांत लागते. इथल्या 1991 च्या कायद्यात कोर्टाने असंच गृहीत धरायचं आहे की हिंसा न करणाऱ्या पालकाकडे कस्टडी देण्यातच मुलाचं हित आहे. बापाला भेटी मिळू शकतात, मात्र त्या कुणाच्या तरी देखरेखीखाली व्हाव्यात अशी मागणी करता येते.

अर्जात जुन्या घटनांसाठी जागा असते, तिथे बहुतेकजणी कालचंच भांडण लिहून येतात. ‘नेहमी मारतो’ असं मोघम लिहू नका. ‘दिवाळीच्या आदल्या रात्री किचनमध्ये गळा धरला, मुलगी दारात उभी होती’ असं लिहा. अर्जात नसलेलं सुनावणीत अचानक काढलं तर समोरचा वकील हरकत घेणारच. काही राहिलं असेल तर त्याआधी अर्जात दुरुस्ती करून घ्या.

आणि सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये त्याचा वकील गोडीत येऊन म्हणेल, ‘केस मागे घ्या, आम्ही सिव्हिल रिस्ट्रेंट्सवर सही करतो.’ घरचेही भारतातून फोन करून तेच सांगतील. माझं स्पष्ट मत, नको. सिव्हिल रिस्ट्रेंट्स म्हणजे दोघांनी आपसात केलेला दूर राहण्याचा करार. एफआरओ, म्हणजे सुनावणीनंतर मिळणारा अंतिम संरक्षण आदेश, मोडला तर पोलीस अटक करतात, हा करार मोडला तर तुम्हालाच पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागतो. शिवाय एफआरओला मुदत नसते आणि तो कॅलिफोर्नियातही चालतो. तो हातात आला की बहिणीकडे जाण्याची परवानगी इथल्याच कोर्टाकडे मागा.

‘मानवी’ ही दक्षिण आशियाई बायकांसाठीची संस्था न्यू जर्सीतच आहे, 1985 पासून. त्यांना फोन करा, पण नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनवरच्या मोबाइलवरून नको.