बाबांना एलजीएल ल्युकेमिया निघालाय पण डॉक्टर औषधच देत नाहीत, मुंबईला हलवू का?

मी फोंड्याला लॅबमध्ये रोज स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही लिहिलंय बाबांना जुना संधिवात, न्युट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९००, एचबी ११, ताप नाही, आणि डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी या. ल्युकेमिया शब्द वाचून धडकी भरणारच, पण एलजीएल, म्हणजे मोठ्या दाणेदार लिम्फोसाईट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढण्याचा हा रक्ताचा कॅन्सर, बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षं हळू चालणारा आजार आहे, थांबायला सांगितलं म्हणजे हयगय केली असं नाही.

काचेवर ह्या पेशी लगेच कळतात, नेहमीच्या लिम्फोसाईटपेक्षा मोठ्या, भरपूर फिकट निळा सायटोप्लाझम आणि त्यात बारीक लालसर-जांभळे दाणे. पण नुसत्या दिसल्या म्हणून निदान होत नाही हां, व्हायरल इन्फेक्शननंतरही त्या वाढतात आणि आपोआप उतरतात. म्हणून फ्लो सायटोमेट्री (पेशी नेमक्या कुठल्या प्रकारच्या ते ओळखणारी टेस्ट), मग सगळ्या एकाच पेशीपासून वाढल्यात का ते बघायला टी सेल रिसेप्टर जीनची टेस्ट, आणि वाढ सहा महिने टिकते का तेही बघतात. ह्या दोन्ही टेस्ट झाल्यात का ते आधी फाईलमध्ये तपासा. रुमॅटॉइड संधिवात ह्याच्यासोबत बऱ्याच जणांना असतो, त्यामुळे संधिवाताच्या डॉक्टरनाही रिपोर्ट दाखवाच.

औषध लिम्फोसाईटचा आकडा बघून सुरू करत नाहीत. न्युट्रोफिल ५०० च्या खाली गेले, सारखं इन्फेक्शन व्हायला लागलं, एचबी इतकं उतरलं की दम लागतो किंवा रक्त चढवावं लागतं, नाहीतर संधिवातच आवरेना, तेव्हा. मग मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाईड किंवा सायक्लोस्पोरिन कमी डोसात देतात आणि गुण येतोय की नाही हे ठरवायला साधारण चार महिने लागतात, महिन्याभरात काही फरक नाही म्हणून बंद करू नका. मेथोट्रेक्सेट दिलं तर आठवड्यातून एकदाच असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा.

दुसरं मत हेमॅटॉलॉजिस्टचं जरूर घ्या, पण तब्येत अशीच असेल तर चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर सावकाश गेलात तरी चालेल. ताप मात्र १००.४ झाला तर मध्यरात्र असो की चवथीचा दिवस, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नाहीतर थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या आणि पहिलं हेच सांगा की न्युट्रोफिल कमी आहेत, शेवटचा सीबीसी फोनमध्ये ठेवा म्हणजे शोधाशोध नको.